जामसंड्याची स्पिटफायर

घरात एखादं इंजिन कायम उघडं असावं, असं आमच्या काकांचं मत आहे. चालू गाडीच्या मालकाचे जामसंड्यात फार हाल होतात. पहाटे कोणाला नांदगाव स्टेशनवर सोडा, दुपारी कोणाच्या सासूला कणकवलीला डॉक्टरकडे न्या, आणि आंब्याच्या दिवसांत तर डिकी आपली आहे हेच विसरा. दारात गाडी उभी असताना 'नाही' म्हणायला निगरगट्टपणा लागतो, तो आमच्या घराण्यात नाही. पण तीच गाडी बॉनेट उघडून, पोट रिकामं करून उभी असली की मागायला आलेला माणूस आपोआप सल्ला द्यायला लागतो. आणि सल्ल्याला पेट्रोल लागत नाही.

काकांची गाडी म्हणजे १९६७ सालची स्टँडर्ड हेरल्ड. मुंबईला नोकरीत असताना सेकंडहँड घेतलेली, निवृत्तीनंतर घाट उतरवून कशीबशी गावी आणलेली, आणि मग कित्येक पावसाळे मांगरात म्हशीच्या शेजारी उभी असलेली. म्हैस गेली, गाडी राहिली. काका मात्र तिला हेरल्ड म्हणत नाहीत. 'आपली स्पोर्ट्स कार' म्हणतात. गावाला हे सुरुवातीला समजलं नाही, कारण गाडीकडे बघून तिला कुठलाही खेळ येत असेल असं वाटत नाही.

पण काकांकडे पुरावा आहे, आणि तो ऐकल्याशिवाय आमच्या पडवीवरून चहा पिऊन कोणाला उठता येत नाही. त्या काळात देशात मोटारी मिळायच्या त्या मोजून तीन. उत्तरपाड्याची अँबॅसिडर पुढाऱ्यांची. वालचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट डॉक्टरांची आणि टॅक्सीवाल्यांची. आणि मद्रासला १९६१पासून बनणारी हेरल्ड ही ज्यांना लग्नाआधी दोन दारं पुरत होती त्यांची. मद्रासवाल्यांनी पुढे चार दारांचीही काढली, बहुधा गिऱ्हाइकांना मुलं झाल्यावर. मूळ गाडी विलायतेच्या ट्रायम्फ कंपनीची. तिथल्या कंपनीला अख्खी बॉडी एकसंध ठोकून देणारा कोणी मिळेना, म्हणून त्यांनी खाली चॅसीची वेगळी चौकट ठेवली आणि वर तुकडे नट-बोल्टांनी जोडले. १९५९ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गाडी जगाला दाखवली तेव्हा पाहुण्यांसमोर स्टेजवर काही मिनिटांत ती जोडून दाखवली होती. हे वाक्य काका फार हळू आवाजात सांगतात आणि काकी फार मोठ्या आवाजात पुन्हा म्हणते. 'काय मिन्टात, हां!'

आता स्पोर्ट्स कारचा मुद्दा. त्याच हेरल्डची चॅसी आखूड करून, हेरल्डचं रूप आखणाऱ्याच इटालियन मिकेलोत्तीकडून नवा अंगरखा शिवून घेऊन, ट्रायम्फने १९६२ साली स्पिटफायर आणली. दोन माणसांची, टप उघडणारी, तीन लाखांहून जास्त खपलेली. इंजिन? तेच. काकांच्या गाडीच्या सिलिंडरचं भोक ६३ मिलिमीटर, स्पिटफायरचं ६९.३. पिस्टनची धाव दोघींची ७६. म्हणजे ९४८ सीसीची झाली ११४७. 'सहा-सव्वासहा मिलिमीटरचा तर फरक,' काका म्हणतात, 'तेवढा सख्ख्या भावांच्या नाकातही असतो.' स्पिटफायरला दोन कार्बुरेटर होते आणि हिला एकच, ताकद जेमतेम निम्म्याच्या वर, या गोष्टी काका विचारल्याशिवाय सांगत नाहीत. दुसरा कार्बुरेटर बसवावा असं त्यांच्या मनात होतं. काकीने पेट्रोलचा दर विचारला आणि विषय तिथेच संपला.

'हेरल्ड' हे नाव कंपनीच्या मुख्य साहेबांच्या होडीचं. ही माहिती देवगड बंदरात पोचली तेव्हा गाडीची इज्जत एकदम वाढली. तोपर्यंत ती भंगार होती. होडीशी नातं निघाल्यावर ती जुनी झाली, आणि जुन्या वस्तूला आमच्याकडे मान आहे.

इंजिन उतरवायचा दिवस गावाने ठरवला. काकांनी फक्त बंदरातून चेन-पुली मागवली होती. ती आणणाऱ्याने वाटेत चार जणांना सांगितलं आणि चौघांनी रविवार सोयीचा धरला. हेरल्डचं बॉनेट म्हणजे नुसतं झाकण नव्हे, मडगार्ड-दिव्यांसकट गाडीचं अख्खं तोंडच पुढे कलंडतं. मग पुढच्या चाकावर आरामात बसून इंजिनाशी बोलता येतं. जगातल्या मेकॅनिकांनी या गाडीवर प्रेम केलं ते यामुळे. आमच्याकडे त्या दोन चाकांवर आधीच दोन म्हातारे येऊन बसले होते, त्यामुळे काकांना उभ्यानेच काम करावं लागलं. चेन-पुली फणसाला बांधायची की आंब्याला, यावर बराच वेळ गेला. हापूसच्या फांदीला हात लावायची कोणाची छाती होईना. फणस बिचारा कोणाच्या उत्पन्नाचा नाही, त्याला टांगली. इंजिन वर आलं, हवेत सावकाश गोल फिरलं, पंचवीस-तीस माणसं एकदम मागे सरली आणि चेन-पुलीतून सुक्या बांगड्याचा वास सगळ्या खळ्यात पसरला.

बंदरातले मेस्त्री मुख्य सल्लागार होते. ट्रॉलरच्या सहा सिलिंडरच्या लेलँड इंजिनात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांच्यापुढे हे इंजिन ठेवायलाच काकांना संकोच वाटत होता. मेस्त्रींनी हेड उघडलं, आत वाकून बघितलं, एक पिस्टन बाहेर आल्यावर तो तळहातावर घेतला आणि म्हणाले, 'हो पिस्टन? माका वाटला चायचो कप.' मग मात्र ते गंभीर झाले. खाऱ्या हवेने काम चोख केलं होतं. तिसऱ्या सिलिंडरमध्ये रिंगा भिंतीला चिकटून बसल्या होत्या. त्यावर डिझेल ओतून वाट बघायची असते. इंजिनाच्या कामात निम्मं काम वाट बघण्याचं आहे, आणि त्या बाबतीत कोकणी माणसाला शिकवायला लागत नाही.

पाने हा वेगळा विषय. देवगडच्या बाजारात सगळे पाने मिलिमीटरचे. हेरल्डचा नट न् नट इंचातला. जुने मेस्त्री अजून सुतात बोलतात. इंचाचे आठ सूत. अर्ध्या इंचाचा पाना म्हणजे चार सुती, सात-सोळांशाचा साडेतीन. 'साडेतीन सुती आण,' असं काकांनी शेजारच्या पोराला सांगितलं, तर ते दोऱ्याचं रीळ घेऊन आलं. मिलिमीटरचा पाना त्या नटावर बसतो, पण बसून फिरतो आणि फिरून नटाचे कोपरे खातो. शेवटी काकांनी मुंबईच्या चोरबाजारातून एक जुना सेट मागवला. तो सेट पूर्वी कोणाच्या तरी घरातून गेलेला असणार, ही शंका काकी अजून बोलून दाखवते.

सुटे भाग ठेवायला आंब्याच्या पेट्या. जामसंड्यात दुसरं काय मिळणार? आंबा उत्पादकांची सहकारी संस्था इथलीच, देवगड हापूसला २०१८ साली जीआय मिळाल्यापासून पेटीवरची छपाईसुद्धा रुबाबदार झाली आहे. काकांनी एकेका पेटीत गवत घालून भाग नीट निजवले आणि वर खडूने लिहिलं: 'टॅपेट', 'व्हॉल्व्ह – क्रमाने', 'हात लावू नये'. सगळ्यांत जास्त हात तिसऱ्या पेटीला लागले. मे महिन्यात डोंबिवलीच्या भाच्याला जी पेटी रवाना झाली, तिच्यात वरच्या गवताखाली आठ पुशरॉड निघाले. भाचा शहाणा. त्याने फोन करून एवढंच विचारलं, 'मामा, या वर्षी आंबा जरा लांबट धरलाय का?' पुशरॉड परत आले, तोवर भाच्याच्या वाट्याचा आंबा इथे घरात संपला होता.

इथे एका लहानशा वस्तूबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण तिने आमच्या घरातली शांतता जितकी घालवली तितकी वाटणीच्या दाव्यानेही घालवली नव्हती. या इंजिनाची क्रँक तीन मुख्य बेअरिंगांवर फिरते. क्लच दाबला की तिच्यावर पुढच्या बाजूला रेटा येतो. तो रेटा सोसायला सगळ्यांत मागच्या बेअरिंगपाशी अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन पातळ चकत्या असतात, थ्रस्ट वॉशर. अख्ख्या इंजिनात एवढ्या स्वस्त आणि एवढ्या महत्त्वाच्या वस्तू दुसऱ्या नाहीत. त्या झिजल्या की क्रँक मागेपुढे सरकायला लागते. फार झिजल्या की खाली तेलाच्या चेंबरमध्ये गळून पडतात. आणि मग क्रँक लोखंड खायला लागते आणि ब्लॉकच जातो. विलायतेतल्या स्पिटफायरवाल्यांनाही हेच दुखणं आहे, असं काका मोठ्या समाधानाने सांगतात. खानदानी आजार.

तपासायची रीत सोपी. एकाने आत बसून क्लच दाबायचा, दुसऱ्याने पुढे वाकून क्रँकच्या पुलीकडे बघायचं. क्लच दाबल्यावर पुली डोळ्याला दिसण्याइतकी पुढे आली की समजायचं, चकत्या गेल्या. इंजिन उतरवण्याआधी हा प्रयोग झाला होता. आत काकी, पुढे जमिनीवर आडवे काका.

'दाब!'

'खयचो दाबू?'

'डावा!'

'तुमचो डावो काय माझो?'

मग काकी जे काही दाबायची ते दाबत असे आणि काका खालून 'पुन्हा' म्हणत असत. रस्त्याने जाणाऱ्याला फक्त गाडीखालून बाहेर आलेले काकांचे पाय आणि आत डोक्यावर पदर घेऊन बसलेली काकी दिसायची. 'मी गाडयेत बसान लाथो मारतंय आनि तुमी खाली निजतास. लोक काय म्हणतले?' असं म्हणून काकीने असहकार पुकारला. तोवर पुली चांगली दोन मिलिमीटर हलताना दिसली होती. त्या ठिकाणी मोकळीक इंचाच्या हजारांश भागात मोजायची असते. काका उठून बसले ते जवळजवळ आनंदी चेहऱ्याने, कारण आता सगळं इंजिन उघडायला सबळ कारण मिळालं होतं.

ब्लॉक आणि क्रँक कोल्हापूरला न्यायचं ठरलं. इंजिनाचं अवघड दुखणं आमच्याकडे फोंडा घाट चढून कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जातं. ऊस भिजवणाऱ्या पंपांच्या आणि ऑइल इंजिनांच्या जिवावर तिथे ओतकाम आणि लेथ यांचं एक गावच वसलं आहे. ब्लॉक गेला तो आंब्याच्या पिकअपमधून, पेट्यांच्या मधोमध, गोणपाटात गुंडाळून. राधानगरीच्या वळणांवर तो दोन पेट्यांवर आडवा झाला. उद्यमनगरातल्या कारागिराने गोणपाट सोडलं, ब्लॉकला नाक लावलं आणि म्हणाला, 'पाव्हणं, इंजान लई पिकलंय.' मग बोअर गेज आत सोडून वरून खाली फिरवला. सिलिंडर वरच्या बाजूला जास्त झिजतो, खाली कमी; त्यामुळे भोक वर रुंद, खाली अरुंद, आणि नीट गोलही राहिलेलं नव्हतं. चाळीसच्या साइजला बोअर, क्रँक दहा अंडर ग्राइंड. तो लेथकडे वळताना सहज म्हणाला, 'ह्याच्यापरीस नवं इंजान स्वस्तात बसंल.' हे वाक्य काकांनी घरी सांगितलं नाही. पिकअपच्या ड्रायव्हरने सांगितलं.

पिस्टन मिळेपर्यंत पुढचा काळ गेला, तो माझ्या मते त्या गाडीच्या आयुष्यातला सगळ्यांत वैभवाचा. चाळीसच्या साइजचे चार पिस्टन कुर्ल्यात नव्हते, मद्रासच्या जुन्या दुकानदारांकडे होते-नव्हते, विलायतेत होते पण पौंडांत. तोवर पडवीवर इंजिन उघडं. संध्याकाळी लोक यायचे. ज्यांचं एकमेकांशी भाषण नव्हतं ते दोघं हेडच्या दोन बाजूंना बसून आठ व्हॉल्व्ह घासायचे. या कामाला बारीक खडीची पेस्ट लागते आणि टोकाला रबराची वाटी असलेली एक काठी. ती व्हॉल्व्हच्या माथ्यावर चिकटवून दोन्ही तळहातांत रवीसारखी घुसळायची. घासून घासून सीटवर एकसारखा करडा पट्टा उमटला पाहिजे. कोणाचा पट्टा जास्त सुबक यावरून पैजा लागल्या. बांधाच्या भांडणात जे तलाठ्याला जमलं नव्हतं ते त्या पेस्टने जमवलं. कोणी मुंबईचं आलं की त्याला कुणकेश्वर आणि किल्ला दाखवून झाला की इंजिन दाखवायला आणत. 'चतुर्थेक चालू होतली,' असं काका सांगायचे. चतुर्थी झाली की कुणकेश्वरच्या जत्रेचा वायदा. जत्रा झाली की आंब्याचा सीझन, तेव्हा कोणाला वेळ नसतो, हे सगळ्यांनाच पटायचं.

त्याच दिवसांत काका येताजाता 'एक-तीन-चार-दोन' असं पुटपुटायचे. सिलिंडर पेटायचा क्रम तो. काकीला वाटलं नामस्मरण चालू झालं, वयाच्या मानाने ठीकच आहे. वाडीतल्या एका इसमाने हा आकडा कुठेतरी लावला आणि तो आल्याचीही अफवा होती. त्यानंतर काही दिवस लोक काकांना 'आज काय?' असं विचारू लागले.

अखेर पिस्टन आले, इंजिन बांधलं गेलं, हेडचे नट मधून बाहेर अशा क्रमाने, थोडे थोडे करत आवळले गेले. थ्रस्ट वॉशर बसवताना काकांनी मेस्त्रींना हातसुद्धा लावू दिला नाही. चकतीची खाचा असलेली बाजू क्रँककडे यायला हवी; उलटी बसली तरी बसते, बोलत नाही, आणि हजार मैलांवर दगा देते. काकांनी ती बाजू चष्मा घालून बघितली, चष्मा काढून बघितली, मग नखाने बघितली.

आणि सेल्फ मारला. इंजिन फिरलं, थांबलं, मग कार्बुरेटरमधून बंदुकीसारखा बार झाला. फणसावरचे कावळे उठले. मेस्त्री डिझेलवाले, ठिणगीने पेटणाऱ्या इंजिनावर त्यांचा मुळात विश्वास नव्हता. त्यांनी हात झटकले. दोष मात्र जुनाच होता. पहिला पिस्टन क्रँकच्या दोन फेऱ्यांत दोनदा वर येतो, एकदा दाब घेऊन, एकदा नुसता धूर बाहेर टाकायला. डिस्ट्रिब्युटर फिरवणारा गिअर दुसऱ्या वेळेचा धरून बसला होता. म्हणजे ठिणगी अगदी वक्तशीर पडत होती, फक्त काम संपल्यावर. (अशी माणसं आपल्याला माहीत असतात.) शेजारच्या पोराने प्लगच्या भोकावर अंगठा धरला, काकांनी इंजिन हाताने फिरवलं, अंगठा जिथे 'फुस्' करून उडाला ती जागा पक्की झाली आणि गिअर काढून अर्धा फेरा फिरवून बसवला.

दुसऱ्यांदा सेल्फ मारण्याआधी एका वडीलधाऱ्याने नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. दिर्बादेवीला साकडं, रामेश्वराला साकडं, वाडीच्या चाळ्याला साकडं, 'तुझ्या लेकरान ही गाडी बांधल्यान हा, तिच्या चाकात येळ येव नये, तिच्या पेट्रोलात पाणी येव नये, आनि जो कोण वायट नजर घालीत तेचा इंजिन जाम होव दे म्हाराजा!' सगळ्यांनी 'होय म्हाराजा!' म्हटलं आणि त्या होकारातच इंजिन लागलं. पहिल्यांदा खोकलं, मग एक-तीन-चार-दोन लयीत आलं. टॅपेटांचा शिवणयंत्रासारखा टकटक आवाज खळ्यात ऐकू येऊ लागला. मेस्त्रींनी ओळीने सगळ्यांकडे बघितलं, जणू कार्बुरेटरचा बार त्यांनीच मुद्दाम काढला होता.

काकांचा चेहरा मात्र मी बघत होतो. आनंद होता, पण अर्ध्या तासात पहिला माणूस आला: 'काकानू, फाल्या नांदगावाक गाडी व्हयी होती.' संध्याकाळी दुसरा, काजूच्या गोणी घेऊन. व्हॉल्व्ह घासणारे दोघं पुन्हा बोलेनासे झाले, कारण आता बसायला कारण उरलं नव्हतं. दोन दिवसांत काकांना इंजिनातून एक आवाज येऊ लागला. तो दुसऱ्या कोणालाच ऐकू येत नव्हता. ते कान लावून म्हणायचे, 'मागून येतोय. थ्रस्ट वॉशर.' काकीने साडेतीन सुती पाना तांदळाच्या पिंपात लपवला.

मग काकांना सरकारने आधार दिला. २०२१ साली केंद्राने नियम केला की पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. वीस हजार रुपये भरायचे, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात. आणि अट अशी की ती रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शनाला न्यायची, रॅलीला न्यायची, इंधन भरायला न्यायची आणि दुरुस्तीला न्यायची. बस. काकांनी हा नियम मला पडवीवर दोनदा वाचायला लावला. दुरुस्तीला! नांदगाव स्टेशन त्यात नाही, काजूच्या गोणी नाहीत, कोणाची सासू नाही. एवढा समंजस कायदा या देशात झाला कसा, याचंच त्यांना नवल वाटत होतं. ओरोसला आरटीओत जायची त्यांनी तयारी केली आणि फाइलला नवी दोरी घातली.

काकी आतून सगळं ऐकत होती. रविवारी सकाळी ती पातळ बदलून, केसांत अबोली माळून, पिशवी घेऊन थेट गाडीत जाऊन बसली.

'कुठे?' काका म्हणाले. 'बाजाराला ही गाडी काढता येणार नाही. कायदा आहे.'

'बाजाराक कोण म्हणता?' काकीने दार लावून घेतलं. 'माका प्रदर्शनाक घेवन चला. सावकाश चलवा, लोकांका बघूक गावाक व्हया. आनि बंदराकडे जरा थांबवा, बांगडे कसे दिलेत ता इचारतंय.'